न्यायाची पायरी गावापर्यंत यावी

(विंचूर येथे ग्रामस्थ आणि विधी शाखेचे विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. ती उगाच रूढ झालेली नाही. तारखांमागून तारखा, वाढता खर्च आणि भावकीत पडलेले कायमचे वैर यांचा अनुभव घेतलेल्या पिढ्यांनी ती आपल्या हाती ठेवली आहे. पण या म्हणीचा आधार घेणारे सर्वच शहाणे असतात असे नाही. ज्याच्याजवळ मनगट आहे, पैसा आहे, ओळख आहे त्याला कोर्टाची गरज भासत नाही. बांध कोरणारा कधी दावा लावत नाही. दावा लावण्याची वेळ येते ती ज्याचा बांध कोरला गेला त्याच्यावर. तोही पायरी चढला नाही, तर त्याला शहाणपण म्हणावे की अगतिकता, याचा विचार आपण केला पाहिजे. कोर्टाची पायरी चढायची की नाही हे ठरविण्यापूर्वी आपला हक्क काय, मुदत किती आणि मार्ग कोणता, हे सांगणारे माणूस जवळ असावे लागते. तसे माणूस गावोगाव मिळावे यासाठी कायद्याच्या विद्यार्थ्यांचा उपयोग करून घेण्याची एक व्यवस्था आपल्या देशात आहे. तिला विधी सेवा केंद्र किंवा लीगल एड क्लिनिक म्हणतात. आज त्याविषयी बोलावयाचे आहे.

या मातीचा वारसा

हा विषय विंचूरमध्ये मांडताना आनंद होतो, कारण न्याय सामान्यांच्या दारी नेण्याचा विचार या परिसराला नवा नाही. येथून जवळच, आपल्या तालुक्याच्या गावी निफाडला १८ जानेवारी १८४२ रोजी महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला. पुण्याच्या सार्वजनिक सभेची स्थापना १८७० मध्ये झाली. तिचे संस्थापक गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, हे व्यवसायाने वकील होते. वासुदेव बळवंत फडके यांच्यावर १८७९ साली खटला उभा राहिला तेव्हा त्यांचे वकीलपत्र घेण्याचे धैर्य याच काकांनी दाखविले. त्याच काळात पुण्यात लवाद कोर्टाचा प्रयोग झाला. सरकारी कचेरीत न जाता, जाणत्या माणसांसमोर, कमी खर्चात तंटा मिटावा हा त्यामागचा हेतू होता. रानडे आणि सार्वजनिक काका या दोघांचाही त्याला आधार होता.

या प्रयोगाची गरज का भासली हे १८७५ सालाने दाखविले. त्या वर्षी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांकडील कर्जरोखे हिसकावून जाळले आणि तो वणवा आसपास पसरला. रोख्यात काय लिहिले आहे हे अंगठा उठविणाऱ्याला ठाऊक नसे. दावा लागला तरी तो हजर राहत नसे, आणि एकतर्फी हुकूमनाम्यावर जमीन जात असे. म्हणून १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. प्रारंभी तो पुणे, सातारा, सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार त्याने न्यायाधीशाला दिला आणि तडजोड घडविणारे सलोखेदारही नेमले. पुढे याच कायद्याखालील विशेष न्यायाधीश म्हणून रानड्यांनी काम केले. निफाडला जन्मलेल्या या माणसाने कर्जबाजारी शेतकऱ्याचे दुखणे कागदपत्रांच्या चळतीतून पाहिले होते.

दुसरा धागा विंचूरच्या नावाशीच जुळलेला आहे. सरदार विठ्ठल शिवदेव यांच्या घराण्याने या गावाचे नाव लावले. त्या घराण्याचा पुण्यातील विंचूरकर वाडा सार्वजनिक गणेशोत्सवामुळे सर्वपरिचित आहे. लोकमान्य टिळकांचे वास्तव्य काही वर्षे त्या वाड्यात होते. १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यानंतर लोकमान्यांनी वकिलीच्या परीक्षांना बसणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी कायद्याचे वर्ग चालविले. कायदा शिकविणे हेही लोकशिक्षणाचेच अंग आहे, ही जाण महाराष्ट्राला त्या काळापासून आहे.

उपकार नव्हे, अधिकार

स्वातंत्र्यानंतर या विचाराला कायद्याचे रूप येण्यास बराच काळ लागला. मुंबई सरकारने १९४९ साली न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली विधी साहाय्यासाठी समिती नेमली होती. १९७३ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या समितीने आपला अहवाल दिला आणि त्यात कायद्याच्या विद्यार्थ्यांना या कामात सामील करून घेण्याचा आग्रह धरला. आणीबाणीतील ४२ वी घटनादुरुस्ती अनेक कारणांनी वादग्रस्त ठरली. तिच्यातील काही कलमे पुढे रद्द झाली. पण तिनेच घटनेत आणलेला ३९-अ हा अनुच्छेद मात्र टिकला. दारिद्र्यामुळे किंवा अन्य कोणत्याही अडचणीमुळे कोणाही नागरिकाला न्यायाची संधी नाकारली जाऊ नये, असे तो राज्याला बजावतो.

१९७८ सालचा एक निवाडा महाराष्ट्रातलाच आहे : होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य. बनावट पदव्यांच्या प्रकरणात शिक्षा झालेला हा आरोपी सर्वोच्च न्यायालयात अपिलाची परवानगी मागण्यास चार वर्षे उशिरा आला. निकालपत्राची प्रत आपल्या हाती वेळेत पडलीच नाही, असे त्याचे म्हणणे होते. प्रत तुरुंगात पाठविल्याची नोंद होती. पण ती कैद्याच्या हाती दिल्याची पोच नव्हती. न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. मात्र त्याच निकालात असे ठरविले की, कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे आणि वकील नेमण्याची ऐपत नसेल तर वकीलही मिळाला पाहिजे. ज्याची बाजू कमकुवत आहे त्यालाही न्यायाची रीत नाकारता येत नाही, हे तत्त्व त्या दिवशी पक्के झाले.

पुढे १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण कायदा संमत झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलात आला. या कायद्याचे १२ वे कलम प्रत्येक घरात माहीत असावयास हवे. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, अटकेत असलेली व्यक्ती, पूर, दुष्काळ, भूकंप यांसारख्या आपत्तीत किंवा जातीय अत्याचारात पोळलेली व्यक्ती या सर्वांना सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा अधिकार आहे. त्यांना उत्पन्नाची अट नाही. श्रीमंत घरातील सून असली तरी ती स्त्री म्हणून पात्र ठरते. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आणि जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते. तेथे साधा अर्ज करता येतो. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही माहिती मिळते.

विद्यार्थ्याचे काम कोठे सुरू होते, कोठे थांबते

याच कायद्याच्या चौथ्या कलमात विद्यापीठे व विधी महाविद्यालयांतील केंद्रांचा उल्लेख आहे. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांनी प्रत्येक विधी महाविद्यालयाला असे केंद्र बंधनकारक केले. ज्येष्ठ प्राध्यापकाची देखरेख आणि अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांचे काम, अशी ती रचना आहे. २०११ च्या राष्ट्रीय विनियमांनी तर विद्यार्थ्यांनी दुर्गम गावे दत्तक घ्यावीत, असेही सुचविले. परदेशातही ही रीत जुनी आहे. अमेरिकेतील हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी असे केंद्र १९१३ साली सुरू केले. 'क्लिनिक' हा शब्द वैद्यकाकडून आला. वैद्यकीय विद्यार्थी जसा खाटेपाशी उभा राहून शिकतो, तसा कायद्याचा विद्यार्थी पक्षकारासमोर बसून शिकतो. पण औषधाच्या चिठ्ठीवर सही डॉक्टरांची असते, हे विसरून चालत नाही.

येथेही तोच दंडक आहे. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याप्रमाणे सनद नसलेल्याला वकिली करता येत नाही. त्यामुळे विद्यार्थी न्यायालयात उभा राहणार नाही, वकीलपत्र घेणार नाही आणि स्वतःच्या अधिकारात सल्लाही देणार नाही. मग तो करतो काय? तो नीट ऐकतो. म्हणणे लिहून घेतो. कागद तारीखवार लावतो. कायदा शोधतो, टिपण तयार करतो आणि ते देखरेख करणाऱ्यासमोर ठेवतो. त्यांनी तपासून मान्य केलेला सल्ला नंतर सोप्या मराठीत, लेखी, पक्षकाराला दिला जातो. वकिलाची आवश्यकता असेल तर अर्ज भरून प्रकरण तालुका समितीकडे जाते आणि त्याचे पुढे काय झाले याची नोंद वहीत राहते.

या साखळीतील सर्वात नाजूक कडी देखरेखीची आहे. पूर्णवेळ पगारी प्राध्यापकाला आपल्याकडे वकिली करता येत नाही. उलट, वकिली करणाऱ्याला दिवसाला तीन तासांपर्यंत शिकविण्याची मुभा आहे. म्हणजे ज्याच्याजवळ विद्यार्थ्यांसाठी वेळ आहे त्याच्याजवळ चालू सनद नाही, आणि ज्याच्याजवळ सनद आहे त्याच्याजवळ वेळ नाही. अनेक केंद्रे वर्षातून एखादे शिबिर, एक फलक आणि एक छायाचित्र एवढ्यावर थांबतात, त्याचे एक कारण हे आहे. उपाय एकच : प्राध्यापक आणि स्थानिक वकील या दोघांनी मिळून जबाबदारी घ्यावी. निफाडच्या न्यायालयात काम करणाऱ्या वकिलाने महिन्यातून एक सकाळ दिली, तर विद्यार्थ्यांच्या कित्येक दिवसांच्या श्रमांचे सार्थक होईल.

तीन कागद, तीन मुदती

विंचूरसारख्या गावात असे केंद्र चालले तर तेथे कोणते प्रश्न येतील? हा कांद्याचा मुलूख आहे. लासलगाव बाजार समितीचे उपआवार येथे आहे. समजा, एखाद्या शेतकऱ्याने कांदा विकला, पुढच्या तारखेचा धनादेश मिळाला आणि तो वटला नाही. व्यापारी ओळखीचा, म्हणतो, "काका, पुढच्या बुधवारी रोख देतो." असे चार बुधवार जातात. आता कायदा पाहा. धनादेश न वटल्याची सूचना बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस मिळतात. त्यानंतर एका महिन्यात फौजदारी तक्रार दाखल व्हावी लागते. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून न्यायालयाकडून तो माफ करून घेता येतो. पण नोटिशीची ३० दिवसांची मुदत हुकली तर ती माफ होत नाही. धनादेशाची तीन महिन्यांची वैधता शिल्लक असेल तर तो पुन्हा बँकेत भरून नव्याने सुरुवात करता येते; तीही सरली की हा मार्ग बंद होतो. या शेतकऱ्याला पहिल्याच दिवशी मोठ्या वकिलाची आवश्यकता नव्हती. "नोटीस या तारखेच्या आत गेली पाहिजे," हे एक वाक्य त्याला वेळेवर सांगणारे कोणी हवे होते.

दुसरा कागद फेरफाराचा. तलाठी कार्यालयातून नोटीस येते, ती देवळीत ठेवली जाते आणि विसरली जाते. हरकत घेण्यास १५ दिवस असतात. नोंद प्रमाणित झाल्यावर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करण्यास ६० दिवस. फेरफाराची नोंद हा मालकीचा अखेरचा निवाडा नव्हे, हे खरे. पण एकदा नाव चढले की ते उतरविण्यास वर्षे लागतात, हेही तितकेच खरे.

तिसरा प्रश्न रस्त्याचा. शेजाऱ्याने वहिवाटीचा रस्ता नांगरला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याप्रमाणे तहसीलदारांकडे दाद मागता येते. त्यासाठी अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे. आपण ती मुदत रागात, मध्यस्थांच्या बैठकांत आणि सुगीच्या गडबडीत घालवितो. तिन्ही ठिकाणी हक्क कायद्याने दिलेला होता. तो दिनदर्शिकेने गेला.

बहिणीची सही

आता मी ज्या विषयाकडे वळतो तो काहींना रुचणार नाही. पण तो टाळून न्यायाची भाषा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. बहीण माहेरी येते. ओवाळणी होते, जेवणे होतात आणि निघताना एक कागद पुढे येतो. "ताई, इथे सही कर. नुसती तलाठ्याच्या कामासाठी आहे." तो हक्कसोडीचा कागद असतो.

वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत, त्यांनी मृत्युपत्र केले नसेल तर, मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच दिला आहे. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ साली दुरुस्ती करून, त्यानंतर विवाह झालेल्या मुलींना अधिकार दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्रीय दुरुस्तीने तो सर्वच मुलींना जन्मतः दिला. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत का, हा वाद बरीच वर्षे चालला. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो मिटविला : तशी अट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या रीतसर नोंदणीकृत वाटण्या मात्र त्यामुळे उकरल्या जात नाहीत. स्थावरातील हक्क सोडण्याचा दस्तही नोंदणीकृत असावा लागतो. साध्या कागदावरील सहीने तो सुटत नाही.

कोणी म्हणेल, कायद्याची ही माहिती घराघरात कलह माजवील. मला तसे वाटत नाही. बहिणीने सर्व समजून, स्वखुशीने आपला वाटा भावाला दिला तर तो तिचा मोठेपणा, आणि त्या दानाला किंमत आहे. तिला अंधारात ठेवून घेतलेली सही हे दान नव्हे. ज्या कुटुंबव्यवस्थेचा आपण अभिमानाने उल्लेख करतो, ती बहिणीच्या अज्ञानावर उभी असेल तर तो अभिमान पोकळ आहे. म्हणून केंद्रात बसणाऱ्या विद्यार्थ्याने अशा भगिनीला "दावा लावा" असे सांगू नये आणि "सही करून टाका" असेही सांगू नये. हक्क काय आहे, सही केल्याने काय होईल आणि न केल्याने काय होईल, एवढे स्वच्छ सांगावे. निर्णय तिचा. आणि ती बोलत असताना तिचा भाऊ त्या खोलीत नसावा, याची काळजी घ्यावी.

हाच न्याय वृद्धांनाही लागू आहे. २००७ च्या कायद्याप्रमाणे आई-वडिलांना निर्वाहासाठी प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. वकिलाविना, साध्या पद्धतीने निवाडा व्हावा अशीच त्या कायद्याची कल्पना आहे. अशा ठिकाणी अर्ज नीट लिहून देणारा विद्यार्थी हाच त्यांचा खरा आधार ठरतो. घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून देण्यापूर्वी, "सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द दस्तात आहेत की नाहीत हे पाहण्याचा सल्ला वेळीच मिळाला, तर पुढचे कितीतरी दुःख टळेल. कारण तो दस्त रद्द करून घेण्याची वेळ आलीच, तर सर्व भिस्त त्या अटीवर असते.

दोन्ही बाजूंची कर्तव्ये

विद्यार्थी मित्रांनो, सेवा विनामूल्य आहे म्हणून ती कच्ची असून चालणार नाही. चुकीच्या औषधाने एक माणूस दगावतो. चुकीच्या सल्ल्याने एक घर उघड्यावर येते. माहीत नसेल तर "विचारून सांगतो" म्हणण्यात कमीपणा मानू नका. दिलेला शब्द आणि सांगितलेली तारीख पाळा. ऐकलेली गोष्ट पारावर जाऊ देऊ नका. गावात बातमीला वेशीचे बंधन नसते. एकाच तंट्यातील दोन्ही पक्षांना एकाच केंद्रातून सल्ला देऊ नका. परीक्षा संपली की तुम्ही निघून जाल. पण पक्षकाराचा प्रश्न तेथेच राहील. म्हणून वही पुढच्या तुकडीच्या हाती सोपविल्याखेरीज जाऊ नका. आणि ज्याच्या प्रकरणात दम नाही त्याला तसे नम्रपणे सांगा. न लावलेला खोटा दावा हीदेखील समाजाची सेवाच आहे.

ग्रामस्थ बंधूंनो, तुमचेही कर्तव्य आहे. अर्धे सत्य सांगून पूर्ण सल्ला मिळत नाही. आपल्या विरुद्ध जाणारा कागद आधी दाखवा. मूळ दस्त कोणाच्याही हाती देऊ नका, झेरॉक्स द्या. सही करण्यापूर्वी वाचा. वाचता येत नसेल तर वाचून घ्या. नोटीस आली की पाकिटासह जपून ठेवा, कारण पाकिटावरील शिक्क्याची तारीख पुढे पुरावा ठरते. तडजोड होण्याजोगे असेल तर लोकअदालतीचा मार्ग धरा. तेथे प्रलंबित दावा मिटल्यास भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते आणि निवाडा अंतिम असतो. त्यावर अपील नाही. दोन्ही पक्ष एका दारातून घरी जाऊ शकतात, हा तिचा सर्वात मोठा लाभ.

यासाठी फार मोठ्या साधनांची आवश्यकता नाही. ग्रामपंचायतीची किंवा शाळेची एक खोली, दोन टेबले, एक कुलूपबंद कपाट, एक वही, बाजाराचा ठरलेला दिवस आणि ठरलेली वेळ एवढे पुरे. तो दिवस चुकता कामा नये, हीच खरी अट आहे. शिबिराला आलेली गर्दी लोक विसरतात; पण अमुक वारी दार उघडे असतेच, हे गावाला एकदा कळले की माणसे आपोआप येऊ लागतात. पहिल्या महिन्यात चौघे येतील, कदाचित कोणीच येणार नाही. तरीही बसावे.

रानड्यांच्या काळात शेतकऱ्याला रोखा वाचता येत नव्हता. आज त्याच्या नातवंडांच्या नातवंडांना वाचता येते. पण त्या वाचनाला मुदतीचे भान आणि हक्काची ओळख यांची जोड अजून मिळावयाची आहे. ती जोड देण्याचे काम या तरुणांनी हाती घ्यावे, येथील वकील बंधूंनी त्यांच्या पाठीशी उभे राहावे आणि ग्रामस्थांनी त्यांना एक खोली आणि आपला विश्वास द्यावा, एवढेच मागणे आपणापुढे ठेवतो आणि थांबतो.